चूक सांगा, किल्ली लपवा

आमच्या आजोबांचं गावात किराण्याचं दुकान होतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हाची भांडणं ते म्हातारपणीही रंगवून सांगायचे. जुना रुपया मोडायचा तो निम्म्यानिम्म्यानं. रुपयाच्या दोन अधेल्या, अधेलीच्या दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे, आण्याचे दोन ढबू. नव्या रुपयाचे झाले शंभर पैसे. अधेलीचे पन्नास, पावलीचे पंचवीस, इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण चवलीचे साडेबारा आणि आण्याचे सव्वासहा. सव्वासहा पैसे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवणार कसे? मग आण्याला सहा धरायचे. आता कुणी आण्याआण्याचं मीठ-मिरची चार वेळा नेलं तर हिशोब चोवीसचा, आणि तोच माल एकदम नेला तर पंचवीसचा. मधला एक पैसा गेला कुठं, यावरून दुकानाच्या पायरीवर तासतास वाद चालायचा.

पुढं मी फौजेत सिग्नलला गेलो. गोव्यात, पणजीच्या ट्रेनिंग सेंटरला रिक्रुट म्हणून पाय ठेवला आणि सुभेदार होऊन पेन्शनवर आलो. नोकरीत एका कोर्सला उस्तादांनी फळ्यावर ०.१ एवढंच लिहिलं आणि म्हणाले, "या आकड्यानं अठ्ठावीस सैनिक मेलेत." त्यांनी ते समजावून सांगितलं तेव्हा मला आजोबांचा तो हरवलेला पैसा आठवला.

कॉम्प्युटर अजून जुन्याच रुपयात हिशोब करतो. त्याला फक्त निम्म्यानिम्म्यानं मोडता येतं. अर्धा, पाव, अर्धपाव त्याला बिनचूक मांडता येतात. एक दशांश मात्र त्याच्या हिशोबात बसत नाही. करून बघा. दहा नवे पैसे जुन्या नाण्यांत द्यायचेत. एक आणा म्हणजे सव्वासहा, त्यावर अर्धा आणा ठेवला की नऊ पूर्णांक तीन अष्टमांश. थोडे कमी पडले. वर पाव आणा ठेवला तर जवळजवळ अकरा होतात. म्हणून पाव काढायचा, आणखी बारीक नाणं घ्यायचं, मग त्याहून बारीक. हे कधीच संपत नाही. कॉम्प्युटरच्या डब्यात नाण्यांना जागा मोजकी असते. जागा संपली की तो थांबतो आणि उरलेलं सोडून देतो.

आता सौदी अरेबियातल्या धाहरानला जाऊ. आखाती युद्धात इराककडून येणारी स्कड क्षेपणास्त्रं हवेतच पाडायला अमेरिकेनं तिथं पॅट्रियट क्षेपणास्त्रांचा तोफखाना बसवला होता. त्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजायचं आणि मग त्या आकड्याला ०.१ नं गुणून सेकंद काढायचं. हा ०.१ चोवीस खणांच्या डब्यात कोंबलेला होता. प्रत्येक दशांशामागे चूक पडायची ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी, खरं तर त्याहूनही किंचित कमी. माणसाला याची जाणीव व्हायचं कारणच नाही. पण शंभर तासांत छत्तीस लाख दशांश होतात. छत्तीस लाख वेळा मीठ-मिरची नेली की पैसा-पैसा साठतोच. शंभर तासांनी ते घड्याळ ०.३४ सेकंद चुकलं होतं. स्कड एका सेकंदात दीड किलोमीटरहून जास्त जातं, म्हणजे तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरच्या पुढं गेलेलं.

यानं बिघडतं काय, ते नीट बघा. रडारला आकाशात काहीतरी दिसतं. त्याचा वेग आणि दिशा धरून कॉम्प्युटर ठरवतो की पुढच्या क्षणी ते अमुक जागी असेल, आणि रडार तेवढ्याच खिडकीतून बघतं. तिथं दिसलं तर ते खरं. नाही दिसलं तर आधीचा ठिपका भास होता असं मानून सोडून देतं. घड्याळ चुकलं की खिडकी सरकते. स्कड सरळ येत होतं आणि रडार शेजारच्या मोकळ्या आकाशाकडे बघत होतं. पॅट्रियट उडालंच नाही.

यात एक बारकावा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त शिकवतो. रडारला लागतो तो दोन वेळांमधला फरक. दोन्ही वेळा सारख्याच चुकल्या असत्या तर वजाबाकीत चूक निघून गेली असती. पण मूळचं पॅट्रियट विमानांसाठी घडवलेलं, वेगवान क्षेपणास्त्रांसाठी त्याच्या प्रोग्रॅममध्ये नंतर दुरुस्त्या केल्या. वेळ जास्त अचूक काढणारा नवा तुकडा काही जागी बसवला, काही जागी जुनाच राहिला. म्हणजे एका हातात नवं घड्याळ, दुसऱ्या हातात जुनं. अर्धवट दुरुस्तीनं मूळच्या चुकीला दात फुटले.

२५ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री ते स्कड धाहरानच्या एका बराकीवर पडलं. अठ्ठावीस सैनिक गेले. त्यातले तेरा पेनसिल्व्हेनियातल्या एका राखीव तुकडीचे होते. त्यांचं काम पाणी शुद्ध करून फौजेला पुरवायचं. त्यांना तिथं येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते.

तारखा मी मुद्दाम पाठ केल्यात. ११ फेब्रुवारीला इस्राएली सैनिकांनी कळवलं होतं की सलग आठ तास चालवल्यावर खिडकी वीस टक्के सरकते. सुधारलेला प्रोग्रॅम १६ तारखेला तयार झाला. २१ तारखेला तोफखान्यांना संदेश गेला: फार वेळ सलग चालवलं तर नेम सरकू शकतो. आणि नवा प्रोग्रॅम धाहरानला पोचला २६ तारखेला, बराक पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.

यातला २१ तारखेचा संदेश मला आजही टोचतो. 'फार वेळ' म्हणजे किती? आठ तास? वीस? शंभर? पॅट्रियट घडवलं होतं युरोपसाठी. तिथं दर काही तासांनी जागा बदलायची, म्हणजे यंत्र आपोआप बंद-चालू व्हायचं आणि घड्याळ शून्यावर यायचं. वाळवंटात ते एका जागी बसून दिवसच्या दिवस चालेल हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नाही. आणि चालवणाऱ्याला कुणी आकडा सांगितला नाही. आकडा मिळाला असता तर बंद करून चालू करायला मिनिट-दीड मिनिट पुरलं असतं. त्या रात्रीचं स्कड हवेत नक्की पाडलं गेलंच असतं असं मी म्हणत नाही. निदान पॅट्रियट उडालं तरी असतं.

सिग्नलवाल्याचं आयुष्य संदेशात जातं. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की संदेशात वेळ, जागा, संख्या हवीच. 'लवकर', 'बरेच', 'आसपास' हे शब्द चालत नाहीत. फौजेच्या कॉम्प्युटरबद्दल माझं मत विचाराल तर ते इथूनच सुरू होतं. यंत्रात चूक असणारच, कारण ते माणसानं लिहिलंय. प्रश्न एवढाच, की चूक सापडल्यावर ती किती लवकर आणि किती स्पष्ट शब्दांत त्या यंत्रापुढं बसलेल्या जवानापर्यंत पोचते. दबलेली चूक शत्रूच्या आधी आपल्याच माणसाला मारते.

१९९७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या यॉर्कटाउन या युद्धनौकेवर कुणीतरी एका रकान्यात शून्य भरलं. प्रोग्रॅमनं शून्यानं भागायचा प्रयत्न केला आणि जहाजावरच्या कॉम्प्युटरचं सगळं जाळं कोसळलं. जहाज पावणेतीन तास पाण्यात नुसतं उभं. दोष विंडोजचा की त्यावर लिहिलेल्या प्रोग्रॅमचा, यावर पुढं चारचौघांत कडाक्याचं भांडण झालं. मला ते भांडण चांगलं वाटतं. त्यानिमित्तानं रकान्यात शून्य आलं तर काय करायचं, हा प्रश्न जगभरच्या लोकांनी आपापल्या यंत्राला विचारला असेल.

मग दुश्मनापासून लपवायचं काय? हा प्रश्न माझ्या पुतण्यानं मला गेल्या दिवाळीत विचारला. तो पुण्यात कॉम्प्युटर शिकतो आणि मोबाइलवर अनोळखी लोकांशी जोरात वाद घालतो. विषय होता 'माया'. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की आपलं संरक्षण मंत्रालय इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवरून विंडोज काढून माया नावाची स्वतःची प्रणाली बसवणार. ती उबुंटू नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर उभी आहे, आणि उबुंटूचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर, कुणालाही वाचता येतो. समोरचे म्हणत होते, "दुश्मनालाही वाचता येणारा कोड फौजेत? घराचा नकाशा चोराला देण्यासारखं आहे."

मी त्याला संतरीची गोष्ट सांगितली. पलटणीचं गेट कुठं आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. रात्री तिथं संतरी असतो, अंधारात कुणी दिसलं की तो "थम! कौन आता है?" म्हणून ललकारतो, हेही दूधवाल्याच्या पोराला पाठ असतं. पद्धत सगळी उघडी. लपवलेलं असतं ते एकच, त्या रात्रीचा पासवर्ड. तो रोज बदलतो. एखादा जवान वेळेवर परतला नाही तर लगेच बदलतो. गेट बदलावं लागत नाही, संतरी बदलावा लागत नाही. आता उलटं करा. समजा आपली सगळी भिस्त गेट कुणाला माहीत नसण्यावर आहे. ज्या दिवशी एकाला कळलं, त्या दिवशी अख्खी छावणी हलवावी लागेल.

हाच नियम ऑगुस्त केर्कहॉफ्स या गृहस्थांनी १८८३ मध्ये फ्रान्सच्या एका लष्करी नियतकालिकात मांडला होता. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, तारेवरून जाणारे गुप्त संदेश होते. त्यांचं म्हणणं, सांकेतिक लिपीची पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी आपलं काही बिघडता कामा नये. गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. आज बँकेचा व्यवहार असो की व्हॉट्सअॅपचा निरोप, सगळ्याचं कुलूप याच विचारावर घडलेलं आहे. कुलपाची रचना उघडी, किल्ली तुमची.

फौजेतून निघालेली आणखी एक गोष्ट तुमच्या खिशात आहे. साध्या कॉम्प्युटरवर एक सर्वेसर्वा असतो. त्याचा ताबा मिळाला की सगळं मिळालं. फौजेत असं चालत नाही. लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा, हवालदार हुद्द्यानं मोठा असला तरी कोतमधल्या, म्हणजे शस्त्रांच्या कोठारातल्या, रायफलींना हात लावू शकत नाही, कारण ते त्याचं काम नाही. हुद्दा वेगळा, काम वेगळं. उबुंटू आणि अँड्रॉइड ज्यावर उभे आहेत त्या लिनक्समध्ये अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्यानं हीच शिस्त बसवली आणि २००० च्या डिसेंबरमध्ये तिचा कोड जगाला देऊन टाकला. नाव एसईलिनक्स. २०१३ पासून ती अँड्रॉइड फोनमध्ये येऊ लागली. तुमच्या फोनमधला व्हिडिओ दाखवणारा भाग उद्या कुणी फोडला, तरी त्याला लंगरातच अडकवून ठेवायचा, कोतपर्यंत पोचू द्यायचा नाही, हे तिचं काम. हेरखात्यानं लिहिलेलं लोक वापरतात कसे, याचं उत्तर सोपं आहे. तो कोड उघडा आहे, आणि शंका असणाऱ्यांनी तो वाचलाय.

पण पुतण्याला मी हेही सांगितलं की उघडा कोड म्हणजे सुरक्षित कोड असं समजून झोपू नकोस. दार उघडं ठेवलं म्हणजे कुणीतरी आत डोकावेलच असं नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं. अर्ध्या इंटरनेटची कुलपं ज्या कोडवर चालायची त्यात ते दोन वर्षं सगळ्यांसमोर पडून होतं. आणि २०२४ ची गोष्ट तर सरळ घुसखोरीची. एक्सझेड नावाचं छोटंसं, पण जगभरच्या सर्व्हरवर असणारं साधन. एका टोपणनावाच्या माणसानं दोनेक वर्षं त्यात इमानेइतबारे मदत केली, विश्वास कमावला, आणि मग चोरदार बसवलं. असा दुश्मन धीराचा असतो. त्याला पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं. दुसऱ्याच कामात असताना त्याच्या लक्षात आलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यानं ते सोडून दिलं नाही. कोड उघडा होता म्हणून खणत खणत मुळाशी जाता आलं, आणि २९ मार्चला त्यानं जगाला सांगून टाकलं. धाहरानला एक तृतीयांश सेकंद कुणी धरून ठेवला नाही. इथं एका माणसानं अर्धा सेकंद सोडला नाही. असा संतरी मिळणं नशीब आहे, पण नशिबावर पहारा लावत नाहीत. वाचणारी माणसं पगार देऊन बसवावी लागतील, मायासाठीसुद्धा.

आता किल्लीकडे वळतो. किल्ली म्हणजे फक्त पासवर्ड नाही. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या अमेरिकेच्या एका तळावर कुणीतरी लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. त्यातला किडा गुप्त जाळ्यापर्यंत पोचला आणि तो काढायला चौदा महिने गेले. ते जाळं इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं. तार नव्हती तिथं माणसाचा हात तार झाला. आमच्याकडे एका ठिकाणी मी स्वतः कॉम्प्युटरच्या भोकांवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सही-तारीख घालायचो. एकदा सकाळी पट्टी सुटलेली दिसली. चौकशी केली तर पोरानं रात्रपाळीत मोबाइल चार्जिंगला लावलेला. घरी आई आजारी, फोन बंद पडत होता. त्याला मी रागावलो खरा, पण त्याच दिवशी खोलीत चार्जिंगसाठी वेगळा बोर्ड बसवून घेतला. नुसत्या मनाईनं माणूस थांबत नाही, त्याला दुसरी सोय द्यावी लागते. आणि त्यानं विचारल्याबरोबर खरं सांगितलं, म्हणून वरिष्ठांना कळवताना मी त्याच्या बाजूनं लिहिलं. त्याला मी फाडून खाल्लं असतं तर पुढच्या पोरानं पट्टी गुपचूप परत चिकटवली असती.

ऑनलाइन वादात किल्ली जाते ती अशीच, वाईट हेतूशिवाय. वॉर थंडर नावाचा रणगाड्यांचा खेळ आहे. २०२१ च्या जुलैत, स्वतःला ब्रिटिश रणगाडा कमांडर म्हणवणाऱ्या एकानं खेळातला चॅलेंजर-२ खऱ्यासारखा नाही हे सिद्ध करायला त्याच्या माहितीपुस्तिकेची पानंच टाकली. त्याच ऑक्टोबरात फ्रान्सच्या लक्लेर्क रणगाड्याचं तेच झालं, पुढं चिनी तोफगोळ्याचंही. कुणी पैसे घेतले नव्हते. समोरचा "पुरावा दे" म्हणाला, एवढंच.

जॅक टेशेरा तर माझ्याच धंद्यातला. अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमध्ये यंत्रं आणि जाळी सांभाळणारा, एकवीस वर्षांचा. मित्रांच्या ऑनलाइन कंपूत भाव खायला त्यानं गुप्त कागद टाकले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पकडला गेला, पुढच्या वर्षी पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तो कागद छापून घरी न्यायचा आणि फोटो काढायचा. कॉम्प्युटरला कितीही शिस्त लावा, कागदावर छापून खिशात घातलेलं त्याला दिसत नाही.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. २००८ च्या नोव्हेंबरात नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पाकिस्तानात बसून फोनवरून हुकूम देणारेही तेच बघत होते. त्यात कुठलाही कोड फुटला नव्हता.

म्हणून मी पोरांना वाद घालू नका असं कधीच म्हणत नाही. फौजेनं कुठली प्रणाली घ्यावी, कोड उघडा असावा की बंद, चुका कुणी शोधाव्यात, पैसा कुठं घालावा, यावर भांडा. देश तुमचा आहे. पण जागा, वेळ, संख्या, चेहरे आणि यंत्राची पाटी यातलं काहीही वादात उतरवू नका.

त्या दिवाळीत पुतण्याचं भांडण तापलं होतं. समोरचा म्हणाला, तुला फौजेतलं काय कळतं? यानं लगेच माझा एक जुना फोटो कपाटातून काढला, मोबाइलमध्ये घेतला आणि पाठवायच्या बेतात असताना मला दाखवला. मी गणवेशात, हसतोय. त्यानं फक्त मला बघितलं होतं. मी चष्मा लावून बाकीचं बघितलं. मागं खांबावर अँटेना, तिची दिशा कळेल अशी. कोपऱ्यात गाडी, तिचा नंबर वाचता येणारा. आणि डोंगराची कड, जी बघून तो भाग माहीत असणारा कुणीही जागा सांगेल. एकेक गोष्ट बोटानं दाखवली तसा तो गप्प झाला आणि त्यानं फोटो मोबाइलमधून काढून टाकला.

"मग त्याला उत्तर काय देऊ?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, धाहरानचा हिशोब घाल, तो उघडा आहे. तो ओटीवर बसून टाइप करायला लागला. रुपया, अधेली, पावली. मग मान वर करून म्हणाला, "काका, आण्याचे किती म्हणालात?"

"सव्वासहा," मी म्हटलं. "पाव सोडू नकोस."